चुकीची नवरी, पक्कं लग्न: ओळखीच्या घोळावरची ऐतिहासिक प्रेमकादंबरी कशी रचावी

नायकाला वाटतं ही अमुक, असते भलतीच. लग्न दोघांच्याही मनाविरुद्ध लागतं, मग हळूहळू जीव जडतो आणि नेमकं तेव्हाच भांडं फुटतं. सांगाडा जुना आहे, पण अजून खणखणीत वाजतो. तरीही अशा कादंबऱ्या बहुतेक एकाच ठिकाणी आपटतात. पन्नासाव्या पानावर वाचक वैतागून म्हणतो, ‘अरे बाबा, एकदा सरळ विचार ना तिला!’ त्या क्षणी पात्रं मूर्ख ठरतात आणि मूर्खांच्या प्रेमात कुणाला रस नसतो.

ते टाळायचं असेल तर गैरसमज त्या काळानेच घडवलेला हवा आणि लग्नही त्या काळानेच न सुटणारं केलेलं हवं. पात्रांनी शहाण्यासारखं वागावं, खरं बोलावं आणि तरीही फसावं. खालचा सगळा खटाटोप यासाठीच आहे.

नमुन्याला काळ घेऊ इंग्लंडच्या रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२० चा. तिसरा जॉर्ज आजारी होता आणि त्याचा मुलगा त्याच्या वतीने कारभार पाहत होता. या प्रकारच्या कादंबऱ्यांची ही आवडती भूमी आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. तिथला विवाहाचा कायदा लेखी, काटेकोर आणि क्रूर होता. लेखकाला याहून चांगला मदतनीस मिळत नाही. तुमची कथा दुसऱ्या देशात, दुसऱ्या शतकात घडत असेल तर तिथला कायदा आणि रीत याच पद्धतीने खणून काढा.

पहिली पायरी: चूक नेमकी कशाबद्दल आहे ते ठरवा

ओळखीची चूक तीन तऱ्हांची असते आणि तिन्हींची कादंबरी वेगळी होते.

पहिली तऱ्हा आख्ख्या माणसाची: एकाच्या जागी दुसराच उभा. याची सर्वांत गाजलेली खरी हकीकत फ्रान्समधली. पिरेनीजच्या पायथ्याच्या आर्तिगा गावातून मार्तें गेर १५४८ मध्ये निघून गेला. आठ वर्षांनी ‘तो’ परत आला आणि त्याच्या बायकोसोबत, बेरत्रांदसोबत, सुमारे तीन वर्षं नांदला. तो खरं तर आर्नो द्यू तिल नावाचा इसम होता. तुलूजच्या न्यायालयात खटला चालू असताना खरा मार्तें लाकडी पायावर चालत हजर झाला आणि १५६० मध्ये तोतयाला फाशी झाली. आपल्याकडे पानिपतानंतर उभा राहिलेला भाऊसाहेबांचा तोतया याच जातीचा. दोन्ही प्रकरणांत मला सगळ्यात जास्त खुणावतो तो एकच प्रश्न: ज्यांनी त्याला ओळखलं म्हणून सांगितलं, त्यांची खरंच फसगत झाली होती, की फसणं त्यांच्या सोयीचं होतं? ही तऱ्हा निवडायची तर या प्रश्नावर कादंबरी उभी करावी लागेल. तिथे प्रेमकथेपेक्षा खटल्याचा रंग चढतो, हेही लक्षात ठेवा.

दुसरी तऱ्हा दर्जाची: माणूस तोच, पण तो कोण आहे हे समोरच्याला ठाऊक नाही. इंग्लंडचा आठवा हेन्री १ जानेवारी १५४० रोजी वेश बदलून रॉचेस्टरला आपल्या होणाऱ्या राणीला, क्लीव्ह्जच्या ॲनला, भेटायला गेला. तिने त्याला ओळखलं नाही. खिडकीबाहेरचा खेळ बघण्यात ती दंग राहिली. राजाचा अहंकार दुखावला, ६ जानेवारीला लग्न लागलं आणि जुलैत ते रद्दही झालं. एवढ्या एका दुपारीत ओळखीची चूक आणि नकोसं लग्न दोन्ही आलं. मात्र ही तऱ्हा प्रहसनाकडे झुकते आणि वेशांतर लांबवलं तर फारच पोकळ होते.

तिसरी तऱ्हा हकिकतीची: माणूस तोच, नावही तेच, पण दुसऱ्याची कहाणी त्याच्या माथी बसलेली. मी नवोदितांना हीच सुचवेन. इथे कुणी सोंग घेत नाही, म्हणून प्रेमही खोटं पडत नाही. पुढचा सगळा नमुना याच तऱ्हेचा आहे. जुळ्या बहिणींच्या वाटेला मात्र जाऊ नका. जुळ्या म्हटलं की शेवट वाचकाला पहिल्या प्रकरणातच दिसतो.

दुसरी पायरी: चूक काळाच्या पोटातून काढा

त्या काळात ओळख पटवायला काय साधनं होती याची यादी करा. त्याहून मोठी यादी करा नसलेल्या साधनांची. छायाचित्र नाही, दागेरची पद्धत जगापुढे आली ती १८३९ मध्ये. सरकारी जन्मनोंदणी इंग्लंडमध्ये सुरू झाली १८३७ मध्ये. त्याआधी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही हाच काय तो कागद. न पाहिलेल्या माणसाचा चेहरा म्हणजे फार तर हस्तिदंतावर रंगवलेलं तळहाताएवढं चित्र, तेही चित्रकाराने खूश करण्यासाठी काढलेलं.

पण खरी खाण नावांच्या रिवाजात आहे. सेनापती वेलिंग्टनचंच उदाहरण घ्या; वेलिंग्टन हा त्याचा किताब. आर्थर वेलस्ली १८०९ मध्ये व्हायकाउंट झाला, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्विस, १८१४ मध्ये ड्यूक. सरदार मंडळी सही करताना फक्त किताब लिहीत. आडनाव वेगळंच असे. म्हणजे दूरदेशी राहून आलेल्या माणसाला ‘लॉर्ड अमुक’ हा आपला जुना दोस्त की त्याचा वारस, हे नुसत्या कागदावरून कळायची सोय नाही.

त्याहून सुंदर रिवाज मुलींचा. घरातल्या सर्वांत थोरल्या अविवाहित मुलीला नुसतं ‘मिस’ आणि आडनाव. धाकटीला मात्र ‘मिस’, तिचं नाव, मग आडनाव. थोरलीचं लग्न झालं की त्या दिवसापासून दुसरी आपोआप ‘मिस आडनाव’ होते. कुणीही खोटं न बोलता एक उपाधी एका बाईवरून दुसरीवर सरकते. चुकीच्या ओळखीसाठी याहून निर्दोष यंत्र मी पाहिलेलं नाही.

आता नमुन्याचं कथानक मांडू. सगळी पात्रं काल्पनिक.

वॉरन घराण्यात दोन बहिणी, शार्लट आणि हेलन. थोरल्या शार्लटने एका लष्करी अधिकाऱ्याशी गुपचूप वाङ्निश्चय केलेला आहे आणि वर्षभर त्यांचा चोरून पत्रव्यवहार चालला आहे. जून १८१५ च्या सुरुवातीला ती त्याला नकाराचं पत्र पाठवते आणि दुसऱ्याच माणसाबरोबर पळून जाऊन लग्न करते. अधिकारी वॉटर्लूच्या लढाईच्या आदल्या रात्री धाकट्या भावाला, एडवर्डला, लिहितो: मिस वॉरनने मला नाकारलं आहे, पण माझी पत्रं उघड झाली तर तिची बदनामी होईल, मी उरलो नाही तर तिला सांभाळ. १८ जूनला तो पडतो. सप्टेंबरात एडवर्ड वॉरनांच्या दारात उभा राहतो आणि ‘मिस वॉरन’ला भेटायचं म्हणतो. आता मिस वॉरन म्हणजे हेलन.

एडवर्डने थोरलीचं पाळण्यातलं नाव कधी ऐकलेलंच नाही, कारण सभ्य माणूस भावालासुद्धा बाईचं नुसतं नाव लिहीत नसे. वॉरनांनी शार्लटचं पलायन दाबून ठेवलं आहे. हेलनला बहिणीच्या प्रियकराचं नाव ठाऊक नाही. यात एकही जण वेडेपणाने वागलेला नाही.

तिसरी पायरी: दोघांची नाराजी वेगवेगळ्या कारणांची असू द्या

‘वडिलांनी जबरदस्ती केली’ एवढ्यावर भागवू नका. नकोसं लग्न रंगतं ते दोघांनी स्वतः, डोळे उघडे ठेवून, कडू घोट घेतल्यावर.

एडवर्ड का करतो? त्याच्या मते या बाईने भावाला मरणाच्या दारात नेलं. पण भावाचा शब्द आहे. परक्या अविवाहित पुरुषाने परक्या अविवाहित मुलीला पैसे पाठवले तर तिचीच अब्रू जाणार, म्हणून सांभाळण्याचा एकच सभ्य मार्ग उरतो. हेलन का करते? बाप कर्जात बुडाला आहे आणि त्या इंग्लंडात देणेकऱ्याला फ्लीट किंवा मार्शलसीच्या तुरुंगात टाकत. घर वारसाहक्काच्या बंधनामुळे चुलतभावाकडे जाणार. लग्न झालं की कायद्याने बाईची रोकड आणि जिन्नस नवऱ्याचे होत. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ चे. हेलनला त्यांचा उपयोग नाही. तिच्या हातात आहे तो लग्नाआधी वकिलांनी लिहून दिलेला करारनामा: नवऱ्याच्या हयातीत तिला वर्षाला किती खर्चायला, विधवा झाली तर किती.

करारनाम्याचा प्रसंग टाळू नका. प्रणयाशी त्याचा काय संबंध असं वाटेल, पण तिरस्कार करणारा माणूस जेव्हा त्या कागदावर मागितल्यापेक्षा उदार आकडा लिहितो, तेव्हा वाचक त्याच्या बाजूला सरकतो. आणि हेलनला तो आकडा आपली किंमत वाटते. एका कागदाचे दोन अर्थ, दोन्ही बरोबर.

चौथी पायरी: लग्न कोणत्या दाराने लागतं आणि परतीची दारं कशी बंद होतात

इथे अभ्यास लागतो. बहुतेक लेखक इथेच घाई करतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१७५३ चा हार्डविकचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. त्यानंतर लग्न लावायचं तर दोन वाटा. एक, दोघांच्या पॅरिशच्या, म्हणजे आपापल्या धर्मविभागाच्या, चर्चमध्ये तीन रविवार नावांची जाहीर घोषणा, म्हणजे बॅन्स. दुसरी, बिशपच्या कचेरीतून परवाना, म्हणजे लायसन्स. परवान्यावर लग्न करणारं माणूस २१ च्या आतलं असेल तर वडिलांची संमती हवी. ती नसेल तर लग्न मुळातच बाद. लग्न चर्चमध्ये, सकाळी ८ ते दुपारी १२ च्या दरम्यान, दोन साक्षीदारांसमोर, वहीत सह्या करून. वाटेल त्या जागी, वाटेल त्या वेळी लग्न लावायचा खास परवाना कँटरबरीचा आर्चबिशप देई आणि तो सहसा वरच्या वर्तुळातल्यांनाच मिळे. तुमचा निर्धन नायक संध्याकाळी खिशातून खास परवाना काढत असेल तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर दोघांनी ‘आम्ही पतिपत्नी’ म्हटलं की झालं. म्हणून सीमेलगतचं ग्रेटना ग्रीन पळून जाणाऱ्यांचं माहेर झालं. तीन आठवडे स्कॉटलंडात राहण्याची अट आली ती १८५६ मध्ये. आपली शार्लट तिकडेच गेली.

दाराची निवड कथेवर परिणाम करते. बॅन्स म्हटले की भर चर्चमध्ये नाव वाचलं जाणार: ‘हेलन वॉरन’. गावात कुजबुज सुरू होणार की थोरलीचं काय झालं, आणि कुजबुज एडवर्डच्या कानी जाणार. बापाला हे परवडणारं नाही, म्हणून तो परवान्याचा आग्रह धरतो. हेलन २० वर्षांची, संमती द्यायला तो तयारच बसला आहे. बघा, कायद्याचा एक तपशील आला आणि गुपित आपोआप टिकलं. लेखकाला हात लावावा लागला नाही.

आता परतीची दारं. भांडं फुटल्यावर एडवर्ड लंडनला डॉक्टर्स कॉमन्समध्ये धर्मन्यायालयाच्या वकिलाकडे गेला, तर त्याला काय ऐकावं लागेल? त्या काळच्या कायद्यात बारीक भेद होता. समोर उभी राहिलेली व्यक्तीच भलती असेल, तर लग्न मोडता येई. पण व्यक्ती तीच आणि तिच्या घराण्याबद्दल, पैशाबद्दल किंवा पूर्वायुष्याबद्दल समज चुकीचा, तर लग्न कायम. फसवणूक झाली असली तरी कायम. न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी १८०७ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. एडवर्ड हेलनशी बोलला, हेलनला बघितलं, परवान्यावर हेलनचंच नाव होतं. मग तो अडकला, आणि कादंबरीही पक्की झाली.

नावाचा घोळ वापरायचाच असेल तर सन जपा. बॅन्समध्ये खोटं नाव लावलं असेल तर लग्न बाद ठरू शके. १८२३ च्या कायद्यानंतर मात्र ते दोघांनीही जाणूनबुजून केलेलं असावं लागे. तुमची कथा १८१५ ची की १८२५ ची, यावर नायिका लग्नाची बायको ठरते की नाही हे अवलंबून आहे.

घटस्फोट? १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करण्याची मुभा देणारा घटस्फोट म्हणजे पार्लमेंटचा खास कायदा. १६७० पासून असे जेमतेम सव्वातीनशे झाले असतील. त्यांत बायकांनी मिळवलेले चार. धर्मन्यायालय फार तर वेगळं राहायची परवानगी देई.

आणि फसवून लावलेलं लग्न कसं दिसतं हे बघायचं तर १८२६ चं एलन टर्नर प्रकरण वाचा. पंधरा वर्षांची श्रीमंत मुलगी. आई आजारी आहे असं खोटं पत्र दाखवून तिला लिव्हरपूलच्या शाळेतून बाहेर काढलं. वडिलांचं दिवाळं निघालंय, तू लग्न केलंस तरच ते वाचतील, असं पटवून एडवर्ड गिबन वेकफिल्डने तिला ग्रेटना ग्रीनला नेऊन लग्न लावलं. तो तीन वर्षं तुरुंगात गेला आणि लग्न पार्लमेंटने १८२७ मध्ये रद्द केलं. हे मुद्दाम सांगतोय. नायकाच्या हातून होणारी फसवणूक कुठपर्यंत प्रेमकथेत बसते आणि कुठे गुन्हा होते, याची रेघ या प्रकरणात लख्ख दिसते.

एक खड्डा जाता जाता दाखवतो. शार्लट आणि भावाचं गुपचूप लग्नच झालं होतं असं दाखवून रहस्य वाढवायचा मोह होईल. मग एडवर्ड हेलनला भावाची विधवा समजून तिच्याशी लग्न करायला निघाला असं होतं, आणि भावाच्या विधवेशी लग्न त्या धर्मकायद्यात निषिद्ध नात्यात येई. वाङ्निश्चयावर थांबा.

पाचवी पायरी: कुणाला काय ठाऊक, याची वही

प्रकरणागणिक एक पान करा. एडवर्डला काय ठाऊक, हेलनला काय, बापाला काय आणि वाचकाला काय. वाचकाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सगळं लपवून शेवटी धक्का द्यायचा विचार मला पटत नाही. या प्रकारात वाचकाला चूक लवकर कळलेली बरी, मग प्रत्येक साध्या वाक्याला दुसरा अर्थ येतो. आपल्या नमुन्यात पहिल्या भेटीतच वाचकाला संशय आणि लग्नाआधी खात्री.

आता एक प्रसंग जवळून बघू. एडवर्डच्या बाहीवर काळी फीत आहे. कच्चा खर्डा असा येतो:

“मिस वॉरन, तुम्हाला सगळं ठाऊक आहे,” तो कडवटपणे म्हणाला. तिला काहीच कळेना, पण ती गप्प राहिली.

ती का गप्प राहिली? कारण लेखकाला तसं हवं होतं. हा प्रसंग असा लिहून बघा:

हेलनने चहाचा पेला पुढे केला आणि तिची नजर फितीवर गेली.
“आपल्याकडे कुणी…?”
“माझा भाऊ. वॉटर्लूला.”
“फार वाईट झालं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “साखर घालू?”
एडवर्ड तिच्याकडे बघत राहिला. हात जराही थरथरला नव्हता.

दोघांनीही खरंच सांगितलं. तिने परक्या माणसाचं जेवढं दुःख करायचं तेवढं केलं. त्याला मात्र ती दगडाची वाटली. विचारून झालं, उत्तर मिळालं, आणि गैरसमज आणखी घट्ट बसला. असे चार-पाच प्रसंग जमले की कादंबरीचा पहिला अर्धा भाग उभा राहतो. प्रत्येकात एकच कसोटी लावा: प्रश्न विचारला गेला का? गेला असेल आणि तरी घोळ टिकला असेल, तरच प्रसंग ठेवा.

सहावी पायरी: लग्नानंतरची रात्र

यावर आजच्या वाचकाचं मन लवकर उठतं, आणि योग्यच आहे. तो तिला दुसरीच समजतोय, तिला ते माहीत नाही. अशा अवस्थेत शरीरसंबंध आला तर तिची संमती अर्ध्या माहितीवरची ठरते. काही लेखक हा प्रश्नच नाही असं धरून पुढे जातात. मी तसं करणार नाही.

सोपी तोड अशी की दोघं लांब राहतात, पण कारण पात्राचं हवं. एडवर्डला भावाच्या वाग्दत्तेला हात लावणं म्हणजे मेलेल्या माणसाविरुद्धचा अपराध वाटतो. तो म्हणतो, ‘तुम्हाला माझा त्रास होणार नाही,’ आणि ती त्याचा अर्थ लावते की मी त्याला आवडले नाही. त्याचा संयम तिला अपमान वाटतो. पुढे तोच संयम त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा होतो. मात्र ‘संबंध आला नाही म्हणून लग्न रद्द’ असं लिहू नका. इंग्लंडच्या कायद्यात नुसतं तेवढं पुरत नसे. असमर्थता सिद्ध करावी लागे, आणि ती लाजिरवाणी लढाई होती.

सातवी पायरी: प्रेम कशावर जडतं

चुकीच्या हकिकतीशी न जुळणाऱ्या गोष्टींवर. एडवर्डच्या डोक्यातली मिस वॉरन चंचल, खर्चीक, शब्द मोडणारी. समोरची बाई हिशेबाची वही चोख ठेवते, दिलेला शब्द पाळते, मोलकरणीची चूक आपल्या अंगावर घेते. दर वेळी त्याला वाटतं, हे सोंग असणार. मग सोंग इतका काळ टिकेल का, अशी शंका. मग भावाची चीड यायला लागते, की यानेच हिला काही दुखावलं नसेल ना? ही शेवटची पायरी विसरू नका. मृत भावावरचा विश्वास डळमळतो तिथे त्याचं प्रेम खऱ्या अर्थाने सुरू होतं, आणि त्यालाच ते सर्वांत जास्त बोचतं.

हेलनच्या बाजूने काय, हे फार लेखक विसरतात. तिला त्याच्यात काय दिसतं? त्याची ओळख तिला बरोबर आहे, फक्त त्याच्या रागाचं मूळ माहीत नाही. म्हणून तिची प्रकरणं शोधकथेसारखी लिहा.

आठवी पायरी: भांडं कशाने फुटावं

दाराआडून ऐकलेलं संभाषण नको. अचानक उगवलेली थोरली बहीणही नको, निदान आधी नको. वस्तूने फुटू द्या, आणि वस्तू काळाची असू द्या.

१८४० पर्यंत इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा भरत असे. पाकिटं प्रचारात नव्हती, कागदाचीच घडी करून लाखेची मोहोर लावत, कारण दुसरा कागद म्हणजे दुप्पट दर. म्हणजे चोरून येणाऱ्या प्रत्येक पत्राला पैसे पडत. शार्लटने ते कुठून दिले? तिच्या हातखर्चातून, मोलकरणीच्या हाती. बापाच्या कर्जाचा निपटारा करताना घरच्या जुन्या वह्या हेलनकडे येतात. हिशेबात तिचा हातखंडा. शार्लटच्या वहीत एप्रिल आणि मे १८१५ च्या पानांवर ‘रिबन’च्या नावाखाली विचित्र, परदेशी टपालाच्या दराशी जुळणाऱ्या रकमा. त्या महिन्यांत सैन्य होतं बेल्जियममध्ये, वॉटर्लूही तिथलंच. नवऱ्याचा भाऊ वॉटर्लूला पडला. हेलनला बेरीज करायला पाच मिनिटं पुरतात.

तिला आधी कळलं, त्याला नाही. हे अंतर सोन्यासारखं आहे. निदान दोन प्रकरणं टिकवा. सांगावं तर बहिणीची अब्रू जाते आणि बापाने लपवाछपवी केल्याचं उघड होतं. वर एक भीती अशी: तो मला दुसरी समजून, कर्तव्य म्हणून घरात ठेवतोय. मी ती नाही असं कळलं तर त्याच्या शब्दाचं ओझं उतरेल आणि माझी जागाच जाईल. इतके दिवस वाचक ज्या माहितीसाठी तळमळत होता, ती सांगणंच आता धोक्याचं झालं.

फोडायची जागा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश पानांच्या दरम्यान. सांगावं तिनेच, स्वतःहून, पकडली जाण्याआधी. पकडली गेली तर ती आरोपी होते आणि नंतरचा समेट माफीनामा ठरतो.

नववी पायरी: सत्य कळल्यावर काय उरतं

आता लग्न मोडता येत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून ‘आपण सोडून जाऊ शकतो, तरी राहतो’ हा सोपा शेवट तुम्हाला नाही. मग निवडीची दुसरी जागा तयार करा. एडवर्ड तिला वेगळं घर आणि करारनाम्यातली पूर्ण रक्कम देऊ करतो. समाजात असं वेगळं राहणं चाले. ती जाते. निदान काही आठवडे तरी जाऊ द्या. पहिल्या मागणीत तो भावाच्या शब्दाने बांधलेला होता आणि ती बापाच्या कर्जाने. दुसरी मागणी बायकोलाच घालायची आहे, कुणाचा शब्द नाही, कुणाचं कर्ज नाही, आणि ती नाही म्हणू शकते. शार्लटला आणायचंच असेल तर या वेळी आणा, आणि तिला खलनायिका करू नका. तिचीही बाजू असेल, भावाच्या पत्रांत ती सापडू द्या.

भाषा आणि शेवटची झाडाझडती

मराठीत लिहिताना एक हत्यार आपल्याकडे आहे: दोघं सुरुवातीला एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतील. ‘तू’ कधी येतं ते एकदाच ठरवा आणि त्या जागेचा पूर्ण वापर करा. माझ्या मते तो वहीच्या प्रसंगानंतर, भांडणात, आधी तिच्या तोंडून यावा. ‘माय लॉर्ड’चं ‘सरकार’ करू नका, ‘लॉर्ड’ चालतं. ‘मिस वॉरन’ कुठेही ‘वॉरनबाई’ होता कामा नये, कारण सगळं कथानक त्या संबोधनावर टांगलेलं आहे.

मग काळाची चाळणी लावा. घासून पेटणारी काडी १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धातली, त्याआधी चकमक. लंडनचे गणवेशातले पोलीस १८२९ पासून. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये. एडवर्ड घोडागाडीनेच येणार. नवरीचा पांढरा वेश रूढ झाला तो १८४० मध्ये व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर. हेलनने आपला बरा झगा घालावा, रंग कोणताही. वॉटर्लूचा दिवस, १८ जून १८१५, रविवार होता; त्याच्या मागचे-पुढचे वार त्यावरून मोजा.

खर्डा पुरा झाला की फक्त हेलनची प्रकरणं सलग वाचा, मग फक्त एडवर्डची. प्रत्येक वाचनात, त्या पात्राला ठाऊक आहे तेवढ्याच माहितीवर, त्याचं वागणं शहाण्या माणसाचं वाटतं का ते बघा. जिथे वाटत नाही त्या पानावर खूण करा आणि दुरुस्ती संवादात करण्याआधी वहीतल्या रकान्यात करा; बहुतेक वेळा कुणाला तरी एक गोष्ट फार लवकर किंवा फार उशिरा कळलेली असते.